बिजागरी नसलेलं बोट

सूनबाई : बाबा, माझ्या ह्या तीन बोटांच्या हत्याराला कुणी हात लावला?

बाबा : हात लावला नाही. दुरुस्त केलं.

सूनबाई : दुरुस्त?

बाबा : ढिलं होतं ते. चष्मा शोधत तुझ्या टेबलाशी गेलो, तर तिन्ही बोटं लुळी पडलेली. वाळत घातलेल्या मोज्यासारखी. म्हटलं, सुनेनं एवढा जीव ओतून केलं आणि नेमकं आजच बिघडलं. अवजारांची पेटी उघडली आणि बसलो.

आई : तरीच सकाळपासून टक-टक चाललीय. मला वाटलं, भिंतीवरचं घड्याळ काढलंत.

सूनबाई : प्रत्येक बोटाच्या पाठीतून तार घातलीत?

बाबा : स्टीलची. गंजायची नाही. पाण्याची नळी मधून जाते, तिला धक्का लागू दिला नाही. बघ, एक थेंब तरी बाहेर आलाय का.

सूनबाई : नाही आला. आणि नळीच्या टोकाच्या ह्या दाबायच्या फुग्याला दाते कसले?

बाबा : माझ्या जुन्या चिमट्याचे. आता कमीजास्त दाबायची भानगड नाही. फुगा दाबला की टक, पहिला दात. अजून दाबला की टक, दुसरा. धरलं म्हणजे धरलं. हे ऐक. ऐकलंस?

सूनबाई : ऐकलं.

बाबा : मग बोल की.

सूनबाई : काम सुरेख केलंय बाबा. खरंच. पण ते बिघडलेलं नव्हतं. ते तसंच असतं.

बाबा : तसंच म्हणजे? लुळं?

सूनबाई : मऊ.

बाबा : शब्द बदलला म्हणून ढिला स्क्रू आवळला जात नाही, पोरी. उभा जन्म गेला माझा इस्पितळाच्या तळघरात, कात्र्यांना धार लावण्यात आणि चिमट्यांची तोंडं जुळवण्यात. ढिलं ओळखायला मला चष्मा लागत नाही.

आई : चष्मा डोक्यावरच आहे तुमच्या. बाकी मी काही बोलत नाही. ठोके पडायचेत अजून.

बाबा : हा हिचा नेम! दुपारचे ठोके पडेपर्यंत कुणाला उणं बोलायचं नाही. सकाळ माझी सोन्याची. आणि ठोके पडले की सकाळभराचं साठलेलं सगळं माझ्या पदरात.

आई : व्याजासकट देते, तक्रार कसली करता?

बाबा : ते राहू दे. सूनबाई, मला एकच सांग. हेच उद्या हिच्या पोटात जाणार ना?

सूनबाई : हे नाही. हे डॉक्टरांच्या सरावाचं. खरं तिकडे इस्पितळात आहे, निर्जंतुक करून पाकिटात बंद. पण ह्याच साच्यातलं.

बाबा : म्हणजे तेही ढिलंच.

सूनबाई : हो.

बाबा : मग मला घेऊन चल तिकडे. त्यालाही तारा घालून देतो.

आई : नेऊन बसवा ह्यांना ऑपरेशनच्या खोलीत, पेटीसकट. डॉक्टरांच्या शेजारी टक-टक करत बसतील.

सूनबाई : बाबा, ऐका ना माझं. तुमचा मुलगा गाडी आणायला गेलाय, पोचेलच आता. संध्याकाळपर्यंत आईंना दाखल करायचंय. आणि तुम्ही अजून...

बाबा : मी ऑपरेशनला नाही म्हटलंय. दोन दिवसांपूर्वी म्हटलं, आजही तेच.

आई : आणि हे नाही म्हणताहेत तोवर मी खुर्चीतून उठणार नाही. तेही मी दोन दिवसांपूर्वीच सांगितलंय. बस तू दोन हट्टी म्हाताऱ्यांच्या मध्ये.

सूनबाई : आई, पोटातली गाठ थांबणार नाही हो तुमच्या भांडणासाठी.

आई : भांडण नाही गं. मला भूल देतील आणि मी जाईन कुठेतरी आत. त्या वेळी हे दाराबाहेर दात-ओठ खात बसलेले नकोत मला. मनापासून हो म्हणून बसलेले हवेत. एवढंच.

बाबा : कशाच्या जोरावर हो म्हणू? मागच्या खेपेला पोट उघडलं आणि होतं तसं शिवून टाकलं. तेव्हा तर सगळं स्टील होतं, बावनकशी. त्या ताटात अर्ध्याहून जास्त चिमटे माझ्या हातून गेलेले होते. ओळखतो मी ते. मी नोकरी सोडली तरी त्यांनी ते बदलले नाहीत. आणि डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, धरता आलं नाही.

सूनबाई : ते तुमच्या चिमट्यांबद्दल नव्हते बोलत.

बाबा : मग कुणाच्या? धरायचं काम चिमट्याचं. धरता आलं नाही म्हणजे कुणाची पकड कमी पडली?

सूनबाई : पकड कमी नाही पडली. जास्त होती. बाबा, गाठ मोठ्या धमनीला चिकटलीय. धमनी हळूच बाजूला घेऊन तशीच धरून ठेवली, तर गाठ सोलून काढता येते. पण धरल्यावरही आतलं रक्त वाहत राहिलं पाहिजे. खालच्या आतड्याचा जीव त्यावर आहे. स्टीलनं घट्ट धरली तर रक्त थांबतं. हलकी धरली तर निसटते. आणि तिची भिंत आता इतकी विरलीय की चिमट्याची नुसती कड लागली तरी फाटेल. डॉक्टरांनी हात मागे घेतला, म्हणून आई आज इथं बसल्यात.

बाबा : हे मला कुणी सांगितलं नाही.

सूनबाई : सांगितलं होतं. तुम्ही ‘धरता आलं नाही’ इथंच थांबलात.

आई : जन्मात ह्यांनी माणसाचं ऐकलं नाही. चिमट्याचं तेवढं ऐकलं.

बाबा : ठोके पडले वाटतं?

आई : हे उणं नाही. ही माहिती आहे.

सूनबाई : आई, दुधावर साय धरलीय का?

आई : धरलीय की. मला आज पातळच घ्यायचंय, म्हणून तापवून ठेवलंय. का गं? आत्ता दूध हवंय तुला?

सूनबाई : पातेलं इकडे घेते. बाबा, तुमच्या तारांसकट आणि दात्यांसकट ही साय उचलून दाखवा. फाटू न देता.

बाबा : साय? त्यात काय एवढं. आण. हां. हा पहिला दात... टक. धरली बघ. आता उचलतो...

आई : गेली. मधोमध भोक.

बाबा : माझा हात हलला. थांबा, ह्या बाजूनं घेतो. नुसता दात लागेल एवढंच दाबतो. टक. हं... हळू...

आई : तीही गेली. आता त्या कडेला तळहाताएवढी उरलीय. ती सोडा माझ्यासाठी.

सूनबाई : ती उरलेलीच हवीय मला. बाबा, आता तारा काढू?

बाबा : तू नको. ओढशील आणि बोट फाडशील. मी घातल्यात, मीच काढतो. सांडशी दे ती... ही एक. ही दुसरी. घालताना किती जपून घातली होती, अन् निघते कशी बघ, लोण्यातून केस निघावा तशी. ही तिसरी. दातेही काढू?

सूनबाई : काढा.

बाबा : काढले. झालं पुन्हा मोज्यासारखं. आता?

सूनबाई : आता फुगा तळव्यात घ्या. मुठीत आवळू नका. एखाद्या पक्ष्याचं पिल्लू धरल्यासारखा. बोटं सायीवर टेकवा आणि थोडं दाबा.

बाबा : दाबलं. काही झालंच नाही. हाताला काहीच लागत नाही गं.

सूनबाई : हात वर घ्या.

बाबा : पण पकडलंय की नाही तेच...

सूनबाई : वर घ्या तर.

बाबा : ...अगं.

आई : बाई बाई! अख्खी आली. मी लहान मुलीपासून साय काढतेय, मलाही इतकी सबंध येत नाही. पदर उचलल्यासारखी उचलली.

बाबा : सुरकुतीसुद्धा नाही. खालून दूध गळतंय आणि ही आपली... बोटं बघ कशी वळलीत तिच्याभोवती. साय जिथं जाड तिथं जास्त, पातळ तिथं कमी. हे कुणी शिकवलं त्यांना?

सूनबाई : कुणी नाही. मऊ आहेत म्हणून. जे हाताशी येईल त्याचाच आकार घेतात.

बाबा : वळतात कशावर पण? मघाशी तार घालताना मी पिन शोधत होतो. म्हटलं, ह्या पोरीनं बिजागरी लपवलीय कुठेतरी.

सूनबाई : बिजागरी नाहीच.

बाबा : बिजागरीशिवाय वळणारी वस्तू मी बघितलेली नाही.

सूनबाई : बोलताय कशानं मग? जिभेत कुठं पिन आहे?

आई : पिन असती तर कधीच झिजून गळून पडली असती ह्यांची.

सूनबाई : बोटाची पाठ ताणली जाते, पोट ताणलं जात नाही. आत पाणी ढकललं की ते पोटाच्या बाजूला वळतं. बाकी काही नाही त्यात. एकच ओतीव तुकडा. ना सांधा, ना स्क्रू.

बाबा : सांधा नाही म्हणजे सांध्यात रक्त अडकून राहायला जागा नाही. गंज नाही. तेल नाही... आम्ही निम्मं आयुष्य सांधे घासण्यात घालवलं गं. चिमटा मरतो तो सांध्यातच. पात्यात नाही.

सूनबाई : हे मी हृदयावरून घेतलंय. त्यात चार झडपा असतात. प्रत्येक ठोक्याला उघडतात, मिटतात. पिन नाही, बिजागरी नाही. नुसते पातळ पदर. रक्त आलं की बाजूला होतात, रक्त मागे फिरायला लागलं की आपसूक मिटतात.

बाबा : आणि तेल कोण घालतं?

सूनबाई : कुणी नाही.

बाबा : किती दिवस टिकतात?

सूनबाई : बाबा, तुमच्या चालू झाल्या तेव्हा तुम्ही जन्मलाही नव्हता. तेव्हापासून क्षणभर सुट्टी नाही.

बाबा : ह्या इथं? माझ्या बरगडीखाली? बिनबिजागरीची दारं?

आई : आणि आपलं ते मागचं दार. दर महिन्याला तेल पितं, तरी शेजारपाजाऱ्यांना कळतं कोण बाहेर पडलं ते.

बाबा : थट्टा नको गं. मला... थांब जरा. एवढी वर्षं मी ह्या लोकांसाठी धरायची हत्यारं नीट करत होतो. आत काय आहे हे कधी बघितलं नाही. रक्त पुसलेलं हत्यार तेवढं खाली यायचं माझ्याकडे. ज्याला धरायचं ते असं असतं, हे मला आज साय बघून कळावं?

आई : मला रोज कळतं. सकाळी डोळे मिटून बसते ना मी, तेव्हा ऐकू येतं. आधी मला वाटायचं, मी नाव घेतेय आणि त्याच्या तालावर छातीत वाजतंय. मग एक दिवस नाव घ्यायला विसरले, तरी वाजतच होतं. तेव्हा लक्षात आलं, ते आधीपासून चाललंय. मी नंतर येऊन बसलेय त्याच्या ओसरीला.

सूनबाई : आई, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

आई : कुणी विचारलं नाही. मला सगळे विचारतात ते भाजीत मीठ घातलं का. ऐका, पडले ठोके. झाला माझा नेम. आता बोलू?

बाबा : बोल. व्याजासकट.

आई : तुम्ही घाबरलाय.

बाबा : मी?

आई : तुम्ही. मागच्या खेपेपासून. घाबरलो म्हणायला तुमची जीभ वळत नाही, म्हणून तिच्या वस्तूत तारा घालत बसलात. ढिली ती बोटं नव्हती. तुमचे हातपाय गळलेत. मीही घाबरलेय. पोट फाडून घ्यायला कुणी नाचत जातं का? पण मी एकटीनं घाबरायचं आणि तुम्ही तिकडे एकट्यानं टक-टक करायची, हा कुठला संसार? घाबरायचं तर शेजारी बसून घाबरा की माझ्या.

बाबा : सूनबाई, तू जरा बाहेर...

आई : ती इथंच बसेल. तीही घाबरलीय. जेवत नाही धड. बघितलंत तिच्याकडे?

बाबा : खरं का गं?

सूनबाई : हो.

बाबा : मग तुला खात्री नाही?

सूनबाई : बोटांची आहे. त्यांची भीती नाही वाटत. आमच्या कार्यशाळेत नियम आहे बाबा. जो साचा ओततो, त्यानं पहिला तुकडा स्वतःच्या पापणीवर लावायचा. पापणी चिमटीत धरायची आणि तसंच बसून राहायचं. काढल्यावर वळ दिसला तर साचा फोडायचा.

बाबा : डोळ्याची पापणी? वेडी की काय तू!

सूनबाई : अंगावर त्याहून पातळ कातडी नाही. सुरुवातीचे साचे सगळे फुटले. मी सुजलेला डोळा घेऊन घरी यायची, तेव्हा शेजारच्या काकू तुमच्या मुलाशी बोलायच्या बंद झाल्या होत्या.

आई : हात्तिच्या! म्हणून होय? मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, मुलाला जरा समजावा. मी म्हटलं, समजावते. काय समजवायचं तेच कळेना.

बाबा : आम्ही कात्री ओल्या कापसावर तपासायचो. चिमट्यात पातळ कागद धरून ओढायचो. स्वतःच्या अंगावर नाही कधी... पोरी, एक विचारू? राग मानू नकोस. तुझ्या स्वतःच्या आईवर वापरलं असतंस हे?

सूनबाई : उद्या वापरतेच आहे ना.

आई : मिळालं उत्तर? आता पाणी प्या.

सूनबाई : बाबा, उद्या काय होईल ते मी नाही सांगू शकत. गाठ किती सुटेल, आईंच्या अंगात किती बळ आहे, ते डॉक्टरांनाही आत गेल्यावरच कळेल. मी फक्त एवढं सांगते. ते धरेल. आणि धरताना दुखवणार नाही. माझ्या हाती एवढंच होतं.

बाबा : पण कळणार कसं? साय मेलेली वस्तू, तिचं ठीक आहे. डॉक्टरांच्या हाताला कळायला नको, की पकडलंय, आणि आत रक्त चालू आहे? माझ्या चिमट्याला निदान आवाज होता. टक झालं की माणूस निर्धास्त.

सूनबाई : टक म्हणजे चिमटा मिटला. आत काय चाललंय ते तो कुठं सांगायचा?

बाबा : हे सांगतं?

सूनबाई : आत पाणी का भरलंय? हवा भरली असती तरी बोटं वळली असती. पण हवा दबते आणि मुकी होते. पाणी दबत नाही. तिकडे जे होईल ते इकडे आणून पोचवतं.

आई : नुसतं बोलून काय होणार? हा घ्या माझा हात. मनगटाला लावा.

बाबा : तुला नको. मला लाव, सूनबाई.

आई : अहो, उद्या परका माणूस पोटात घालणार ते, आणि आज तुम्हाला मनगटाला लावायची धास्ती? घ्या म्हणते ना.

सूनबाई : इथं, अंगठ्याच्या खाली. नाडीच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं येऊ द्या, तिसरं खालून आधाराला. आता दाबा. सायीइतकंच.

बाबा : दुखतंय का गं?

आई : काही लावलंय असंही वाटत नाही. कोमट आहे.

सूनबाई : बाबा, लागतंय काही हाताला?

बाबा : नाही.

सूनबाई : थोडं थांबा. हात सैल सोडा.

बाबा : थांबलो. नाही लागत गं. माझी बोटं बघ ना. घासून घासून घट्टे पडलेत, विस्तव उचलला तरी कळायचं नाही. डॉक्टरांचे हात वेगळे. मला नाही कळायचं हे.

सूनबाई : बोटांना राहू द्या. चिमटा दुरुस्त झाला की शेवटी काय करायचात तुम्ही?

बाबा : कानाशी धरून मिटायचो. दाते नीट बसले की नाही ते कानालाच कळतं.

सूनबाई : मग फुगा कानाशी धरा.

(बाबा फुगा उजव्या कानाशी नेतात, जन्मभराच्या सवयीनं डोळे मिटतात आणि मान थोडी कलती करतात. फुगा कानाला आणि गालाला टेकलेला. आईचा हात टेबलावर पालथा नाही, उताणा. पातेल्यातल्या दुधावर पुन्हा पातळ साय धरायला लागलीय.)

आई : काय झालं? बोला की. सुटलं का?

बाबा : शू.

सूनबाई : येतंय काही?

आई : अहो, असं काय करता? डोळ्यांत पाणी कशाला?

बाबा : धरलंय. आणि चाललंय.

आई : काय चाललंय?

बाबा : तू.

सूनबाई : बाबा... खाली हॉर्न वाजतोय. गाडी आली. काय सांगू त्यांना?

बाबा : येतोय म्हणावं. दोघंही.

आई : चला तर मग. सोडा हात माझा.

बाबा : थांब गं. जरा ऐकू दे.